जुनी मोटार आणि पंधराव्या वर्षाची परीक्षा

पंधरा वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेली मोटार पेठ रस्त्यावरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात तपासणीसाठी न्यावयाची म्हटले, की नाशिकच्या मध्यमवर्गीय घरांत आधीचा आठवडा धावपळीत जातो. विझलेला दिवा बदलला जातो, मुका झालेला हॉर्न बोलू लागतो, वायपरला नवे रबर मिळते, गुळगुळीत टायर उतरविले जातात. विमा, प्रदूषण नियंत्रणाचा दाखला आणि उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी यांची जुळवाजुळव होते. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याची लगबग शिक्षकांना परिचित आहे. ही लगबग त्याच जातीची. प्रश्न इतकाच, की या परीक्षेने नेमके काय सिद्ध होते?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे ग्राह्य असते. त्यानंतर वाहन तपासून दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. भाड्याने माल वा प्रवासी वाहणाऱ्या वाहनास मात्र योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरसाल घ्यावे लागते. म्हणजे रिक्षाच्या ब्रेकची चौकशी सरकार वारंवार करते. खाजगी मोटारीच्या ब्रेकची आठवण त्याला प्रथम पंधराव्या वर्षी होते. मधल्या काळात धुराच्या दाखल्यापलीकडे कोणी काही विचारीत नाही. ब्रिटनमध्ये १९६० साली अशी सक्तीची तपासणी सुरू झाली, तेव्हा ती दहा वर्षांवरील मोटारींपुरती होती. १९६७ मध्ये ही मर्यादा तीन वर्षांवर आणली गेली आणि चाचणी दरवर्षीची आहे. यंत्राची झीज कॅलेंडर पाहून एकाएकी सुरू होत नाही, हे तेथे लवकर ओळखले गेले.

नाशिककरांस हे पटण्यास दूर जावयास नको. इगतपुरी सोडून कसारा घाट उतरताना ब्रेकवर दीर्घकाळ दाब पडतो. ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. वर्षानुवर्षे तो बदलला नाही तर त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. उतारावर उष्णता वाढली, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल पोकळ लागते. रबरी नळ्यांना भेगा पडतात. टायरची नक्षी नियमाने सांगितलेल्या १.६ मिलिमीटरपेक्षा अधिक शिल्लक असली, तरी त्याचे रबर वयानुसार कडक झालेले असते. यांतील कोणताही दोष नव्या रंगाने झाकला जातो. परंतु रंगाने तो बरा होत नाही. जुन्या मोटारीची खरी तयारी म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि दिव्यांचा झोत यांची डागडुजी. दुर्दैवाने ज्यावर पैसा खर्च व्हावयास हवा, ते डोळ्यांस दिसत नाही.

सरकारने मात्र या प्रश्नाकडे मुख्यतः शुल्काच्या अंगाने पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले, तेव्हा निकष वयाचा नसून योग्यतेचा राहील, असा त्याचा गाभा सांगण्यात आला. परंतु एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर आणि दुचाकीचे तीनशेवरून एक हजारावर गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार रुपये झाले. शिवाय महाराष्ट्रात २०१० पासून जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहेच. जुनी इंजिने अधिक धूर ओकतात आणि त्याची किंमत समाजाने का सोसावी, हा युक्तिवाद निराधार नाही. तथापि, उत्तम राखलेली आणि हयगयीने खिळखिळी झालेली अशा दोन्ही मोटारींस सारखाच आकार लावला, तर तो दंड हयगयीवर न पडता वयावर पडतो. ज्या कारकुनाने ही रक्कम भरली, त्याच्या हाती ब्रेक दुरुस्तीसाठी तेवढे कमी उरले, हा या हिशेबाचा उलटा परिणाम होय.

दुसरा प्रश्न तपासणीच्या विश्वासार्हतेचा. परिवहन कार्यालयांत ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटर लांबीचे मार्ग असावेत, यासाठी मुंबई उच्च न्यायालयास गेल्या दशकात एका जनहित याचिकेच्या निमित्ताने आग्रह धरावा लागला. यावरून पूर्वीच्या प्रमाणपत्रांचे मोल कळते. केंद्राच्या योजनेतून स्वयंचलित तपासणी व प्रमाणन केंद्र नाशिकला उभे राहिले, ही भूषणाची गोष्ट. अशा केंद्रात फिरत्या रुळांवर प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजला जातो, दिव्याच्या झोताचा कोन आणि धुराची घनता यंत्र सांगते. यंत्रास ओळखपाळख नसते, हा त्याचा मोठा गुण. परंतु यंत्राभोवतीची माणसे आणि दलाल तेच राहिले, तर यंत्राचाही शिक्का होतो.

म्हणून सुधारणा दोन दिशांनी व्हावयास हवी. खाजगी मोटारीची पहिली तपासणी सातव्या-आठव्या वर्षी, अल्प शुल्कात व्हावी. आणि प्रत्येक मालकास केवळ 'उत्तीर्ण' हा शेरा न देता मोजमापांचे पत्रक द्यावे: डाव्या चाकाचा ब्रेक किती, उजव्याचा किती, काय दुरुस्त करावे आणि केव्हापर्यंत. शाळेत गुणपत्रिका हवी ती याचसाठी. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांनी या शहरास यंत्राची जाण असलेले असंख्य हात दिले आहेत. असे पत्रक हाती आले, तर दुरुस्ती करणारे कौशल्य येथे दुर्मिळ नाही.

जुनी मोटार हा अपराध नव्हे. अनेक कुटुंबांची ती आयुष्यातील एकमेव मोठी खरेदी असते. परंतु रस्ता सर्वांचा आहे, आणि घाटातून उतरणाऱ्या मोटारीपुढे कोणाचे तरी मूल शाळेतून घरी परतत असते. त्याच्या जिवाची हमी पावतीवरील रकमेतून मिळत नाही. ती वेळेवर लागणाऱ्या ब्रेकमधूनच मिळते.