यंत्राला नावं ठेवा, पण आधी जमिनीवरून उठून दाखवा



आमच्या चिखलीच्या घरात रोइंग मशीन आहे, म्हणजे बसल्या जागी होडी वल्हवायचं यंत्र, ही बातमी स्थानकात पोहोचली. तेव्हापासून मला तीन गोष्टी ऐकाव्या लागतात. "साठी उलटल्यावर हे काय थेर?" "घरात एवढं राबतो, तोच व्यायाम." आणि तिसरी जरा खालच्या आवाजात, "हा परिग्रह नाही का?" आज एकदाच उत्तर देते.

मशीन मुलाने पाठवलं. खरं सांगते, आठ महिने त्यावर परकर वाळत होते. मग एका सकाळी स्थानकात वंदना करताना तिसऱ्यांदा खाली वाकले ती वर येईना. मागच्या एका सुनेने काखेत हात घालून उठवलं. निघताना वळून पाहिलं तर सतरंजी निम्मी रिकामी आणि भिंतीलगत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग. त्यांवर आपणच, साठीच्या आसपासच्या. ज्यांचे गुडघे खरोखर गेलेत त्यांना खुर्ची हवीच. पण बाकीच्यांनी जमीन कधी सोडली, आणि का?

आता घरकामाचं. मी बी.कॉम. आहे, हिशेबाने बोलते. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते आहे की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा. घरकामही त्यात धरतात, नाही असं नाही. पण दम लागेल असं घरकाम उरलंय किती? जातं गेलं, पाटा-वरवंटा गेला, विहिरीवरून पाणी आणणं गेलं. उरलं ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणं. त्याने पाय सुजतात, मांड्यांत ताकद येत नाही. खातेवहीत वापरलेल्या यंत्राचा घसारा लिहितात. शरीराचा नियम उलटा आहे, न वापरल्याने ते जास्त झिजतं.

"मग चाला की!" चालाच. हाडांसाठी चालणं हवंच, मशीन त्याची जागा घेत नाही. पण चातुर्मासात ओल्या वाटेवर हिरवळ आणि किडेमुंग्या असतात, म्हणून आपण फिरणं कमी करतो. ते योग्यच आहे. मात्र चार महिन्यांत जी ताकद जाते, ती दिवाळीनंतर आपोआप परत येत नाही. हे यंत्र कोरड्या खोलीत चालतं आणि बैठक सरकत असल्याने गुडघ्यांवर अंगाचा भार येत नाही. आधी पायांनी रेटायचं, मग पाठ मागे न्यायची, शेवटी हात ओढायचे. परतताना उलट क्रम. निम्म्याहून जास्त जोर पायांचा. जमिनीवरून उठताना लागतात तेच हे स्नायू.

थेर म्हणणाऱ्यांना दत्तू भोकनळ माहीत नसावेत. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, आपल्यासारखाच पाण्यासाठी आसुसलेला भाग. लष्करात गेल्यावर त्यांनी वल्हं हातात घेतलं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक मिळवलं. पाण्याचं तोंड न पाहिलेला माणूस होडी शिकतो, आणि आपण बैठकीच्या खोलीत लाजतो!

राहिला परिग्रह. वस्तू घरात असणं एवढाच परिग्रह नाही, तिच्यावरची आसक्ती हे त्याचं मूळ, असं व्याख्यानात आपण दरवर्षी ऐकतो. कपाटातल्या न नेसलेल्या साड्या मोजा आणि मग माझ्या मशीनकडे बोट दाखवा. न वापरलेलं मशीन परिग्रहच होतं, ते पाप माझ्या आठ महिन्यांचं. एकीने विचारलं, "त्याच्या पंख्याने वायुकायाची विराधना होत नाही का?" प्रश्न खरा आहे, पण तो तिने छताच्या पंख्याखाली बसून विचारला. पाण्याची टाकी असलेलं मशीनही मिळतं. ते मात्र मी घेतलं नसतं. आपण पाणी गाळून पितो, मग महिनोन्‌महिने साठलेलं पाणी व्यायामासाठी कशाला घुसळायचं?

कुणाला करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः पाठ, हृदय किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर. पाच मिनिटांपासून सुरुवात करा. मिनिटाला वीसेक वल्ही पुरे. हवेच्या मशीनचा खटका दहावर नेऊ नका, तीन-चारवर ठेवा. दहावर होडी जड होते, व्यायाम चांगला होतोच असं नाही. उपवासाच्या दिवशी मशीनला विश्रांती.

मशीन नसेल तर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. माझा आग्रह यंत्राचा नाही, उठण्याचा आहे. ४८ मिनिटांचं सामायिक जमिनीवर बसून करायचं आणि कुणाच्या हाताशिवाय उठायचं, एवढंच मला हवंय. आता मला ते जमतं.

बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पण उद्या सतरंजीवर या.