सशीण घरी आली, ऑपरेशन कधी करायचं?

तंजावूरच्या राजवाड्याजवळ तुमचं घर आहे आणि नुकतीच एक सशीण दत्तक आणली आहे, तर ‘हिची नसबंदी कधी करायची?’ हा प्रश्न लवकरच निघेल. मुलांना पिल्लं हवी असतात. आजींना वाटतं, एवढ्याशा जिवाला कशाला कापायचं? दोघांचं ऐकून घ्या, पण आधी हे वाचा.

सशिणीची नसबंदी फक्त पिल्लं टाळण्यासाठी नसते. वय वाढेल तसा तिला गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका खूप वाढतो. काही अभ्यासांत चार वर्षांपुढच्या माद्यांपैकी निम्म्याहून अधिक माद्यांना तो आढळला. गर्भाशयच काढलं की हा धोका उरत नाही.

आजींची भीतीही खोटी नाही. ब्रिटनमधल्या २००८ सालच्या एका मोठ्या पाहणीत भूल दिल्यावर दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.२ टक्क्यांच्या आत, तर सशांत सुमारे १.४ टक्के होतं. निरोगी सशांत मात्र ते याच्या निम्म्यावर आलं. म्हणून सशीण तरुण आणि ठणठणीत असतानाच ऑपरेशन करावं. साधारण पाच-सहा महिन्यांचं वय योग्य.

पहिला महिना थांबा. नव्या घरात ससा घाबरलेला असतो. त्याला खाऊपिऊ द्या, रुळू द्या. दुसरं कारण म्हणजे सशिणीचा गर्भ सुमारे ३१ दिवसांचा असतो. आधीच्या घरी ती नरासोबत राहिली असेल, तर महिन्याभरात कळेलच. दुकानातून ‘जोडी’ आणली असेल, तर डॉक्टरांकडून नर-मादी खात्री करून घ्या आणि तीन महिन्यांच्या आतच त्यांना वेगळं ठेवा. नराचं ऑपरेशन झालं तरी पुढचे चार ते सहा आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात.

ऊन पाहा. सशाला उष्मा सोसत नाही आणि आपला मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. सशीण ऐन उन्हाळ्यात सहा महिन्यांची झाली, तर नरापासून दूर ठेवून दोन-तीन महिने थांबायला हरकत नाही. कर्करोगाचा धोका काही एवढ्यात वाढत नाही. मात्र ‘पुढच्या वर्षी बघू’ असं करत तीन वर्षं घालवू नका. सशीण मोठ्या वयाची असेल, तर आधी रक्त तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्या.

डॉक्टर निवडा. आपल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने हत्तींचं गजशास्त्र आणि घोड्यांचं अश्वशास्त्र असे वेगवेगळे ग्रंथ छापले आहेत. एका जनावराचं वैद्यक दुसऱ्याला जसंच्या तसं लागू होत नाही, हे जुन्यांनाही माहीत होतं. म्हणून कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना सरळ विचारा: तुम्ही सशिणींची ऑपरेशनं किती केलीत? आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का? ‘हो, कुत्र्यासारखंच’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. सशाला उलटी होत नाही, आणि त्याचं पोट रिकामं राहिलं तर आतडी मंदावतात. आपल्या जिल्ह्यात ओरत्तनाडूला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल.

ऑपरेशननंतर वेदनाशामक औषध मागून घ्या. घरी आल्यावर गार, शांत कोपऱ्यात वाळलेलं गवत आणि पाणी ठेवा. त्या दिवशी मुलांना एक काम द्या: ती खाते का, लेंड्या टाकते का, यावर लक्ष ठेवायचं. बारा तासांत काहीच खाल्लं नाही, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. म्हणून ऑपरेशनची तारीख घेताना रात्रीचा फोन नंबरही मागून घ्या.