विश्लेषण : आइकमन सापडत नव्हता, की कुणाला शोधायचाच नव्हता?

लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे धाडण्याची व्यवस्था लावणारा नाझी अधिकारी अडॉल्फ आइकमन ११ मे १९६० रोजी अर्जेंटिनात इस्रायली हेरांच्या हाती लागला. या मोहिमेवर बेतलेला ‘ऑपरेशन फिनाले’ (२०१८) हा चित्रपट थरारक आहे. पण या शोधातली खरी अडचण त्यातून कळते का?

मोहीम काय होती?
ब्युनोस आयर्सजवळच्या सॅन फर्नांडोत आइकमन ‘रिकार्डो क्लेमेंट’ या नावाने राहत होता आणि मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात नोकरी करत होता. संध्याकाळी बसमधून उतरून घरी निघालेल्या आइकमनला पीटर माल्किन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रस्त्यातच उचलले. काही दिवस गुप्त ठिकाणी ठेवून त्याला विमानाने इस्रायलला नेण्यात आले.

चित्रपटाने काय बदलले?
दिग्दर्शक ख्रिस वाइट्झ यांनी पथकातील डॉक्टर स्त्री दाखवली, प्रत्यक्षात तो पुरुष होता. एवढे स्वातंत्र्य खपून जाते. प्रश्न आहे तो भर कशावर दिला, याचा. माल्किन (ऑस्कर आयझॅक) आणि आइकमन (बेन किंग्जली) यांच्या जुगलबंदीत चित्रपटाचा जीव आहे. त्यामुळे गुन्हेगार धूर्त होता म्हणूनच इतकी वर्षे निसटला, असा प्रेक्षकाचा समज होऊ शकतो.

मग उशीर का झाला?
आइकमनचा मुलगा उघडपणे ‘आइकमन’ हेच आडनाव लावत होता. त्याची ओळख लोथार हेरमान या दृष्टी गेलेल्या ज्यू निर्वासिताच्या मुलीशी झाली आणि हेरमान यांना संशय आला. त्यांनी जर्मनीतील सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांना कळवले. तिथल्या यंत्रणेत जुने नाझी टिकून असल्याने बाउअर यांनी १९५७ मध्ये ही माहिती गुपचूप इस्रायलला दिली. १९५८ मध्ये हेराने घर पाहिले. एवढा बडा नाझी असल्या साध्या घरात राहणार नाही, असे ठरवून तपास थांबला. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीच्या गुप्तचरांनी आइकमन अर्जेंटिनात असल्याचे ‘सीआयए’ला कळवले होते, हे २००६ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांतून उघड झाले. तरीही कुणी हालचाल केली नाही.

पडद्यावर हे दाखवता येते?
येते. २०१५चा ‘द पीपल व्हर्सेस फ्रिट्झ बाउअर’ हा जर्मन चित्रपट याच बाउअर यांच्यावर आहे. त्यात पाठलाग कमी. स्वतःच्याच कार्यालयातला विरोध जास्त.

महत्त्वाचे काय?
१९६१च्या जेरुसलेममधील खटल्यात शंभरहून अधिक साक्षीदार बोलले आणि छळछावण्यांची हकीकत जगाने त्यांच्या तोंडून ऐकली. १९६२ मध्ये आइकमनला फाशी झाली. हेरांचे धाडस दाखवावेच. पण पत्ता हाती असताना कोण गप्प बसले, हे वगळले तर प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातो. आणि युद्धगुन्हेगार मात्र अशा गप्प बसण्याच्याच आधारावर वर्षानुवर्षे निर्धास्त जगतात.