वडीलधाऱ्यांची तहान

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. त्याच वाडवडिलांच्या बाबतीत आपल्याला आणखी एक पाऊल पुढे जावयास हवे. त्यांना पाणी देण्यासाठी त्यांच्या तहानेची वाट पाहणे हेदेखील धोक्याचे आहे.

लहान मूल तहानेले की रडून घर डोक्यावर घेते. ऐंशी वर्षांची आजी मात्र ओसरीवर मुकाट्याने बसून राहते, कारण तिला तहान पुरेशी जाणवतच नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६७ ते ७५ वर्षांच्या निरोगी पुरुषांना आणि काही तरुणांना चोवीस तास पाण्यावाचून ठेवण्यात आले. वृद्धांच्या रक्तात पाण्याची उणीव स्पष्ट दिसत असूनही त्यांना तरुणांहून कमी तहान लागली, आणि पाणी पुढे ठेवल्यावरही ते थोडेच प्याले. शिवाय तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते. वृद्धापकाळी ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्तीही घटते. त्यात रक्तदाबासाठी किंवा पायांवरील सुजेसाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल, तर शिल्लक थोडी आणि खर्च फार, अशी स्थिती होते.

परंतु ह्याहून नाजूक असे एक कारण आपल्या घरातच दडलेले असते. रात्री उठावे लागेल, संडास परसात, वाटेत अंधार, गुडघे धरलेले, आणि सुनेची झोप मोडावयाची; म्हणून कित्येक वृद्ध दुपार कलल्यावर जाणूनबुजून पाणी पीत नाहीत. आपल्याला त्रास होऊ नये म्हणून ते तहानेले राहतात, आणि आपण म्हणतो, “त्यांनी मागितलेच नाही!”

काही वयस्कर मंडळी पहाटेच्या मिस्सेपूर्वी पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यांच्या बालपणीचा नियम तसाच होता. परंतु १९५३ साली पोप बारावे पायस ह्यांनी पाण्याने कम्युनियनपूर्वीचा उपास मोडत नाही असे ठरवून दिले. आणि आजच्या नियमाप्रमाणे वृद्धांना व आजाऱ्यांना त्या एका तासाच्या उपासाचेही बंधन नाही. हे त्यांना प्रेमाने समजावून सांगावे.

आता लक्षणे पाहू. कातडीची चिमटी घेऊन पाहण्याची रीत वृद्धांच्या बाबतीत भरवशाची नव्हे, कारण त्यांची कातडी एरवीही सैलच असते. जीभ व तोंड कोरडे पडणे, लघवी थोडी व गडद होणे, उठताना घेरी येणे, तोल जाणे, नेहमीपेक्षा अधिक झोप व ग्लानी, ह्या खुणा ध्यानात ठेवाव्या. सर्वांत महत्त्वाची खूण मनाची आहे. कालपर्यंत नातवंडांची नावे नीट घेणारे आजोबा आज एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर “वय झाले” म्हणून सोडून देऊ नये. त्याचे कारण पाण्याची उणीव असेल, जंतुसंसर्ग असेल, किंवा पक्षाघातही असेल. त्याच दिवशी, त्याच घटकेस डॉक्टरांना दाखवावे.

उपाय साधा आहे. वृद्ध स्त्रीने दिवसाकाठी निदान ८ व पुरुषाने १० पेले पेय घ्यावे, पेला २०० मिलिलिटरचा धरून. उन्हाळ्यात त्याहून अधिक लागेल. पाणीच हवे असे नाही. पेज, ताक, सोलकढी, शहाळे, चहा हे सारे हिशेबात येते. “पाणी हवे का?” असे विचारू नये, उत्तर बहुधा “नको” असेच मिळते. उठल्यावर, न्याहारीस, दहा वाजता, जेवताना, तिसऱ्या प्रहरी आणि संध्याकाळच्या प्रार्थनेपूर्वी पेला त्यांच्या हाती द्यावा. बराचसा भाग दुपारपर्यंत झाला म्हणजे रात्रीची चिंताही उरत नाही. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे माप बांधून दिले असेल, तर तेच पाळावे.

जुलाब अथवा वांत्या होऊ लागल्यास नुसत्या पाण्याने भागत नाही, क्षारही भरून काढावे लागतात. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज ह्यांचे पाणी रुग्णांना पाजले, आणि शेकडा ३० च्या घरातील मृत्यू शेकडा ४ च्या आत आले. आज तेच औषध थोड्या सुधारलेल्या प्रमाणात ओआरएसच्या पुडीतून मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती कालवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. प्रत्येक जुलाबानंतर एक पेला द्यावा. वांती झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पाजावे. मधुमेह असेल, किंवा लघवीची वा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर पुढे काय करावे हे डॉक्टरांना त्वरित विचारावे.

रुग्ण शुद्धीवर नसेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात पाणी मुळीच ओतू नये. ते फुप्फुसात जाते. लघवी बंद झाली, पोटात काहीच ठरेना, किंवा ग्लानी वाढली, तर शिरेतून सलाईन देण्याची गरज असते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता इस्पितळ गाठावे.

आज रात्री आपल्या आईवडिलांच्या उशाशी तांब्या-फुलपात्र ठेवा, जवळ एक बॅटरी ठेवा आणि संडासाच्या वाटेवर दिवा राहू द्या. आणि त्यांना एवढेच सांगा, “रात्री उठावेसे वाटले तर मला हाक मारा, मला त्याचा त्रास नाही.” हे शब्द ऐकल्यावाचून पुष्कळ वृद्धांच्या घशाखाली पाणी उतरत नाही.