हेडरची किंमत

2006च्या ऑक्टोबरमध्ये रीडिंगविरुद्धच्या सामन्यात चेल्सीचा फुटबॉल गोलरक्षक पीटर चेकची कवटी फुटली. शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारीत तो संरक्षक टोपी घालून पुन्हा चेल्सीच्या गोलपोस्टसमोर उभा राहिला. पुनरागमनाच्या अशा कथा आपल्याला आवडतात. जेफ अ‍ॅस्टलची कथा तशी नाही. वेस्ट ब्रॉमविचचा हा स्ट्रायकर हेडरसाठी नावाजलेला. 2002 मध्ये, अवघ्या 59व्या वर्षी तो गेला, तेव्हा मृत्यूच्या चौकशी अधिकाऱ्याने निर्वाळा दिला, हेडर मारून मारून मेंदूला झालेल्या व्यवसायजन्य आजाराचा. खाणकामगाराच्या फुप्फुसांबद्दल देतात तसा! तरीही इंग्लिश फुटबॉल वर्षानुवर्षे ढिम्म. अखेर 2019 मध्ये ग्लासगोच्या अभ्यासाने दाखवले, की स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतरांच्या साडेतीनपट आहे. पुढच्याच वर्षी तिथे बारा वर्षांखालील मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला गेला. फुटलेले हाड जुळते. झिजत गेलेल्या मेंदूवर मात्र आजही इलाज नाही. कोल्हापुरापासून मुंबईच्या कूपरेज मैदानापर्यंत मुलांना खेळवणाऱ्या प्रशिक्षकांना विनंती आहे: डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नका.