हात बाजूला घ्या, चित्र स्थिर होईल

‘रिमोट नाही, मग रात्रीचे फोटो काढायचे कसे?’ असे आमचे तरुण वाचक विचारतात. महागड्या साधनावाचून आपले अडते, ही समजूत आधी काढून टाकावी.

शटर दहा-वीस सेकंद उघडे राहणार असेल तर बटण दाबणाऱ्या बोटाचाच धक्का कॅमेऱ्याला बसतो आणि दिवे फरकटतात. म्हणून कॅमेरा तिपाईवर, नाहीतर कट्ट्यावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर पक्का बसवा. आयएसओ 100 ठेवा. सेल्फ टायमर लावा, बटण दाबा आणि हात बाजूला घ्या. शटर उघडेपर्यंत हादरा विरलेला असतो. टायमर बिघडला असेल तर भिंगापुढे काळा पुठ्ठा धरून बटण दाबा, क्षणभर थांबा, मग पुठ्ठा हटवा.

ही युक्ती जुनीच आहे. 1838 साली लुई दागेर याने पॅरिसच्या रस्त्याचे चित्र घेतले तेव्हा कॅमेऱ्याला शटर नव्हते. भिंगावरचे झाकण हातानेच काढायचे. काही मिनिटांच्या त्या चित्रात धावत्या गाड्या, चालती माणसे उमटलीच नाहीत. उमटला तो जागेवर उभा राहून बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस आणि त्याच्यापुढे वाकलेला पॉलिशवाला. माणूस दिसणाऱ्या अगदी सुरुवातीच्या छायाचित्रांत अशी एका श्रमिकाची नोंद राहिली. नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

वाचकहो, आपल्या माणसांचे फोटो काढाल तेव्हा मागे नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.