शेरा आणि कप्पा

‘यलो-ब्रेस्टेड चॅट’ हा उत्तर अमेरिकेतला पक्षी. छाती पिवळीधमक, डोळ्यांभोवती पांढरा चष्मा, मुक्काम दाट झुडपात. लिनिअसने १७५८ मध्ये त्याला कस्तुरांमध्ये बसवले. पुढे तो अमेरिकेतल्या ‘वॉर्बलर’ या छोट्या पक्ष्यांच्या कुळात गेला आणि मुरला. २०१७ मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने त्याला तिथूनही उठवले आणि स्वतंत्र कूळ दिले. त्या कुळात सदस्य एकच. तो स्वतः.

निकाल डीएनएने लावला, हे खरे. पण तक्रार जुनीच होती. वॉर्बलर साधारण १२-१३ सेंटिमीटरचे, हा १८चा. चोच जाडजूड. गाणे म्हणजे शिट्ट्या, कलकलाट, घोगरे आवाज आणि इतरांच्या नकला. तेही रात्री-अपरात्री. पिवळा रंग सोडला, तर कुळाशी जुळणारे फारसे काही नव्हते.

हे कोणापासून लपलेले नव्हते. पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांत ते छापलेले असे. हा सर्वांत मोठा वॉर्बलर, असे सांगायचे. लगेच पुढे, वॉर्बलरसारखा अजिबात वाटत नाही, असा शेरा मारायचा. अनेक जाणकारांनी शंका घेतली. कप्पा मात्र हलला नाही. ‘अपवाद’ हा शब्द फार सोयीचा असतो. तो एकदा वापरला, की नियम तपासावा लागत नाही.

आता नव्या कुळाचे नाव पाहा : इक्टेरिइडी. यादीत त्याला खेटून दुसरे कूळ आहे, इक्टेरिडी. रोमन लिपीत दोघांमध्ये फरक एका ‘आय’चा. दोन्ही नावांचे मूळ कावीळ या अर्थाच्या ग्रीक शब्दात. त्या शेजारच्या कुळातले ब्लॅकबर्ड आणि ग्रॅकल तर काळेकुट्ट. म्हणजे पक्ष्याला नवे घर मिळाले, पण दारावरची पाटी पुन्हा पिवळ्या रंगाचीच. काविळीत सगळे पिवळे दिसते, असे आपल्याकडे म्हणतात. ती कावीळ पक्ष्याला झालेली नसते.

कुळे बदलतात, यात गैर काही नाही. शास्त्राने चूक सुधारायचीच असते. प्रश्न उशिराचा आहे. पुरावा डोळ्यांसमोर आणि कानांवर होता. त्याला शेऱ्याच्या रकान्यात ठेवले गेले. पुढचा चुकीच्या घरातला पक्षी कोणता, याचा अंदाज बांधायला आधी प्रयोगशाळा लागत नाही. शेरे नीट वाचले तरी सुरुवात होते.